जायबंदी खेळाडू आणि आपण

गेल्या डिसेंबर महिन्यांत आमच्या शाळेचे वार्षिक खेळ नेहमीप्रमाणें थाटानें पार पडले. सकाळची थंडी, मैदानावर मारलेल्या चुन्याच्या पांढऱ्या रेघा, पालकांसाठीं मांडलेल्या खुर्च्या, बक्षिसांचें टेबल, हें सर्व वाचकांनीं पाहिलेलेंच आहे. त्याचें वर्णन करण्याचें येथें प्रयोजन नाहीं. आम्हांस लिहावयाचें आहे तें त्या टेबलाशेजारीं गुणांची वही घेऊन बसलेल्या एका मुलाविषयीं. दोन वर्षांपूर्वीं हा मुलगा कबड्डीच्या संघांत होता, आणि तो चढाईस निघाला म्हणजे प्रतिपक्षाच्या मुलांचे चेहरे उतरत असत. पुढें पारोळ्याकडून येतांना हमरस्त्यावर मोटारसायकलीस अपघात झाला व त्यांत त्याचा उजवा पाय गुडघ्याखालीं चिरडला. पाय वांचला; परंतु घोटा वळत नाहीं, आणि चालतांना अंग एका बाजूस झुकतें. आम्हीं त्याच्या हातीं वही दिली. काम जबाबदारीचें होतें, त्यानें तें चोख बजावलें, आणि आपण त्याचा मान राखला अशा समजुतींत आम्ही दिवसभर होतों. सायंकाळीं खुर्च्या उचलल्या जात असतां तो आमच्यापाशीं येऊन म्हणाला, "सर, आतां दरवर्षी मी फक्त मोजायचंच का?"

त्या प्रश्नाचें उत्तर आम्हांस त्या वेळीं देतां आलें नाहीं. असें मनाला लावून घेऊं नये, मन खंबीर ठेवावें, असें कांहींतरी आम्ही बोललों, व तो मान हालवून निघून गेला. मागाहून विचार करतां ध्यानांत आलें कीं, ज्याच्या मनांत मैदानावर उतरण्याची एवढी आच आहे त्यास मन खंबीर ठेव म्हणून सांगणें हें भुकेल्यास भूक लागूं दे असा उपदेश करण्यासारखें आहे. उणीव त्याच्या मनांत नव्हती. ती आमच्या व्यवस्थेंत होती.

दुखापतींतून सावरलेल्या खेळाडूंच्या कथा मुलांस फार आवडतात, आणि खोटें कां बोला, आम्हांसहि आवडतात. त्यांतील एक नमुना दूरदेशचा सांगतों. कॅनडा व अमेरिका या देशांत बर्फावर हॉकी खेळतात. पायांत पोलादी पात्यांचे जोडे, भोंवतीं फळ्यांचें कुंपण, आणि खेळाडूंचा वेग असा कीं आमच्या जळगांव-धुळ्याच्या मुलांस, ज्यांनीं बर्फ पाहिला तो रसवंतीच्या दुकानांत, त्याची कल्पना येणें कठीण. गॉर्डी हाउ नांवाचा डेट्रॉइटच्या संघाचा व्यावसायिक खेळाडू 1950 सालच्या मार्च महिन्यांत ऐन सामन्यांत त्या फळ्यांवर वेगानें आदळला. कवटीस तडा गेला, आणि मेंदूवरील दाब कमी करण्यासाठीं शस्त्रवैद्यांस ती छेदावी लागली. तेव्हां त्याच्या वयास बावीस वर्षेंहि पुरीं झालीं नव्हतीं. पुढच्याच हंगामांत तो परत आला आणि 86 गुण मिळवून साऱ्या स्पर्धेंत पहिला ठरला. मध्यें दोन वर्षांची निवृत्ति सोडली तर 1980 सालापर्यंत, म्हणजे वयाच्या बावन्नाव्या वर्षापर्यंत, तो बर्फावर खेळत राहिला.

कथा उत्तम आहे. परंतु आमच्या वहीवाल्या मुलाच्या ती उपयोगाची नाहीं. हाउ ज्या बर्फावर पडला त्याच बर्फावर पुन्हां उभा राहिला. ज्याचा घोटा यापुढें वळणारच नाहीं त्यानें कोणत्या मैदानावर परतावें, याचें उत्तर त्या कथेंत मिळत नाहीं. तें उत्तर ज्या कथेंत आहे ती आपल्या मराठी मुलखांतील आहे. 2024 सालीं तिच्यावर हिंदी चित्रपट निघाल्यापासून ती मुलांस ठाऊक झाली आहे. त्यापूर्वीं ती त्यांच्या शिक्षकांसहि फारशी ठाऊक नव्हती, हें कबूल केलें पाहिजे.

श्री. मुरलीकांत पेटकर यांचा जन्म सांगली जिल्ह्यांतील पेठ इस्लामपूर येथें 1944 सालीं झाला. ते भारतीय सैन्याच्या विद्युत् व यांत्रिक अभियंता दलांत भरती झाले. सिकंदराबादेस असतां मुष्टियोद्धा म्हणून त्यांनीं नांव मिळविलें होतें. 1965 सालच्या भारत-पाकिस्तान युद्धांत त्यांस गोळ्या लागल्या. पाठीच्या कण्यास इजा झाली व पाय लुळे पडले. मुष्टियुद्ध हा जितका हातांचा तितकाच पायांचा खेळ आहे. पाय स्थिर ठेवून ठोसा मारतां येत नाहीं, आणि पाय हालवितां न आल्यास ठोसा चुकवितां येत नाहीं. सारांश, त्या दिवशीं एक मुष्टियोद्धा कायमचा संपला.

रुग्णालयांत उपचाराचा भाग म्हणून त्यांस पोहण्याचा व्यायाम सांगण्यांत आला. याचें कारण आमच्या मुलांस विहिरींतच समजलेलें आहे. पाणी अंगाचा भार स्वतः उचलतें; जो जमिनीवर उभा राहूं शकत नाहीं तो पाण्यांत आडवा होऊन केवळ दंडांच्या बळावर पुढें सरूं शकतो. मुष्टियोद्ध्याचे खांदे व दंड तर आधींच कसलेले होते. 1968 सालीं तेल अवीव येथील पॅरालिम्पिक स्पर्धांत ते टेबल टेनिस खेळले व पहिली फेरी जिंकले. 1970 सालीं एडिंबरो येथें झालेल्या राष्ट्रकुलाच्या अशाच स्पर्धांत 50 मीटर पोहण्यांत सुवर्ण, भालाफेकींत रौप्य आणि गोळाफेकींत कांस्य अशीं तीन पदकें त्यांनीं मिळविलीं. आणि 1972 सालच्या ऑगस्ट महिन्यांत जर्मनींतील हायडेलबर्ग येथें पॅरालिम्पिकमध्यें 50 मीटर मुक्त पोहण्याची शर्यत 37.33 सेकंदांत जिंकून त्यांनीं आपल्या वर्गांतील जागतिक उच्चांक केला. कबड्डीचें मैदान 13 मीटर लांब असतें; त्याच्या जवळजवळ चौपट अंतर, पायांची मदत नसतां, सदतीस सेकंदांत! ऑलिम्पिक वा पॅरालिम्पिक या दोहोंत मिळून एकट्या भारतीयानें मिळविलेलें तें पहिलें सुवर्णपदक होय. त्याच स्पर्धांत भालाफेकींत व चाकांच्या खुर्चीच्या अडथळ्यांच्या शर्यतींतहि ते अंतिम फेरीपर्यंत पोहोंचले होते.

येथवरची हकीकत सांगून बहुतेक लेखक थांबतात आणि इच्छाशक्तीचें माहात्म्य गाऊं लागतात. आम्हीं स्वतः प्रार्थनेच्या वेळीं मुलांपुढें हेंच केलें आहे. पेटकरांच्या निश्चयास आमचें वंदन आहे. त्याविषयीं शंका घेणारे आम्ही कोण? परंतु निश्चय कोणत्या वाटेनें चालत हायडेलबर्गास पोहोंचला हें पाहिलें म्हणजे त्या वाटेवर ठिकठिकाणीं माणसें उभीं असलेलीं दिसतात. पोहणें सांगणारा उपचारक आहे. लुळ्या पायांच्या माणसास रोज तळ्यांत उतरविणारे व वर काढणारे हात आहेत. प्रसिद्ध क्रिकेटपटु विजय मर्चंट आहेत, ज्यांच्या अपंगसाहाय्याच्या कार्यांतून परदेशीं जाण्यास मदत मिळाली. पुण्याच्या टेल्को कारखान्यांतील नोकरी आहे. यांतील एकहि दुवा निखळला असता तर तेवढाच निश्चय अंगीं असूनहि हा पुरुष रुग्णालयाच्या खाटेवर राहिला असता, आणि मग आपण त्याच्या निश्चयाविषयीं बोललोंहि नसतों.

शनिवारच्या शास्त्रवाचनांत आमच्या मुलांनीं योहानाच्या शुभवर्तमानांतील बेथेस्दा तळ्याची गोष्ट ऐकलेली आहे. त्या तळ्याच्या पांच ओसऱ्यांत आजारी माणसें पडून असत. पाणी हाललें म्हणजे जो पहिल्यानें आंत उतरेल तो बरा होई, अशी श्रद्धा होती. तेथें एक मनुष्य अडतीस वर्षें दुखण्यांत होता. बरें होण्याची तुझी इच्छा आहे काय, असें प्रभूनें त्यास विचारलें. आतां या प्रश्नास 'हो' हें सरळ उत्तर होतें. त्या मनुष्यानें तें दिलें नाहीं. आपल्याला तळ्यांत सोडावयास कोणी माणूस नाहीं, असें त्यानें सांगितलें. आपण जाईपर्यंत दुसराच कोणी पुढें उतरतो, अशी त्याची तक्रार होती. ही गोष्ट आम्हीं पुष्कळ वेळां शिकविली. पण त्या उत्तराचा अर्थ वहीवाल्या मुलानें प्रश्न विचारल्यावर आम्हांस लागला.

ज्या गृहस्थामुळें पॅरालिम्पिक स्पर्धा जन्मास आल्या त्या डॉ. लुडविग गुटमान यांचा मार्ग असाच साध्या हातांचा होता. हे जर्मनींतील ज्यू मेंदुवैद्य. नाझींच्या छळामुळें 1939 सालीं त्यांस इंग्लंडचा आश्रय घ्यावा लागला. 1944 सालीं स्टोक मॅंडेव्हिल येथील रुग्णालयांत कण्याच्या जखमांचा विभाग त्यांच्याकडे आला. त्या काळीं कणा मोडलेला शिपाई फार दिवस जगत नाहीं असेंच धरून चालत. अंथरुणाला खिळून पाठीस क्षतें पडत, मूत्राशयांत विष चढे, आणि माणूस जाई. गुटमान यांनीं पहिला नियम केला तो हा कीं, दर दोन तासांनीं, रात्र असो वा दिवस, प्रत्येक रुग्णास कुशीवर वळवावयाचें. कांहीं ठिकाणीं ते स्वतः रात्रीं फेरी घालून पाहत. रुग्ण जगूं लागले. मग त्यांच्या हातीं धनुष्य-बाण दिले. 29 जुलै 1948 रोजीं, ज्या दिवशीं लंडनच्या ऑलिम्पिकचें उद्घाटन झालें त्याच दिवशीं, चाकांच्या खुर्चीवर बसलेल्या सोळा जखमी सैनिकांची धनुर्विद्येची स्पर्धा त्यांनीं रुग्णालयाच्या हिरवळीवर भरविली. बारा वर्षांनीं रोम येथें 23 देशांचे सुमारें 400 खेळाडू जमले. रात्रीं दोन वाजतां उठून रोग्यास कूस वळवून देणाऱ्या परिचारिकेचें नांव कोणत्याहि पदकावर कोरलेलें नाहीं, तथापि त्या पदकांतील कांहीं वजन तिचें आहे.

आणि हें करून घेणाऱ्या समाजानें पुढें काय केलें? 1972 सालीं ऑलिम्पिक स्पर्धा म्युनिकला झाल्या. जखमींच्या स्पर्धांसाठीं मात्र तेथील खेळाडूंचें निवासस्थान मिळालें नाहीं, कारण तीं घरें खासगी वापरासाठीं द्यावयाचीं होतीं. म्हणून हायडेलबर्ग. आमच्या देशाची गोष्ट याहून बरी नाहीं. 1972 च्या सुवर्णपदकास पद्मश्रीचा मान मिळाला तो 2018 सालीं, आणि अर्जुन पुरस्काराचें जीवनगौरव पेटकरांस देण्यांत आलें तें 2025 च्या जानेवारींत, म्हणजे बावन्न वर्षांनीं. तेव्हां ते ऐंशी वर्षांचे होते. बेथेस्दाच्या रोग्यास अडतीसच वर्षें वाट पाहावी लागली.

आतां आमच्या खानदेशाकडे वळतों. येथें हात-पाय मोडणें ही काय दुर्मिळ गोष्ट आहे? हमरस्त्यावर मोटारसायकली, शेतांत ट्रॅक्टर व मळणीयंत्र, विहिरींची खोली, यात्रेंतील कुस्त्यांचा फड. असा पावसाळा जात नाहीं कीं वर्गांतील एखादें मूल गळ्यांत हात अडकवून येत नाहीं. शस्त्रक्रियेसाठीं आपण जमीन गहाण टाकतों, मुंबईस नेतों, नवस बोलतों. पण प्लास्टर निघालें कीं दुखणें संपलें असें घरोघरीं समजलें जातें, आणि खरें काम तर तेथून पुढें असतें. सहा-आठ आठवडे बांधून ठेवलेल्या मांडीचें मांस झडतें, सांधा आखडतो. त्यास रोज थोडेंथोडें वळवावें लागतें, वजन उचलावयास लावावें लागतें, आणि तें दुखतें. मूल रडूं लागलें कीं आजी म्हणते, राहूं द्या आतां. महिन्याभरानें व्यायाम बंद पडतो. वर्षभरानें जो लंगडेपणा राहतो तो आपण नशिबाच्या नांवें लिहितों. त्यांतील कांहीं खरोखर नशिबाचा असतो, कांहीं आपल्या मायेचा असतो. केळीच्या बागांत राहणाऱ्या लोकांस हें अधिक काय सांगावें! रावेर-यावलकडे वादळानें बाग आडवी झाली म्हणजे शेतकरी पडलेल्या खोडाशीं रडत बसत नाहीं. पील सांभाळतो, त्यास माती चढवितो, पाणी देतो. पिलाला मात्र कोणी असें म्हणत नाहीं कीं तूं आतां बांधावर बसून घड मोज.

पालकांची भीति आम्हांस हास्यास्पद वाटत नाहीं. त्या मुलाच्या आईस आम्हीं विचारलें तेव्हां ती म्हणाली, "सर, त्याले पुन्हा काही झालं तर आम्ही कोणाच्या तोंडाकडे पाह्यचं?" या माउलीनें चार महिने रुग्णालयाच्या फरशीवर रात्री काढल्या आहेत, तिच्यापुढें पॅरालिम्पिकचीं व्याख्यानें देण्याचा आम्हांस अधिकार नाहीं. पण भीति ही तिची जागा सोडून शाळेंत येऊन बसली आहे. मुलगा जायबंदी झाला कीं पालक वैद्यांचा दाखला आणतात, शाळा तो दाखला नस्तींत लावते आणि मुलास कवायतींतून माफी देते. ही माफी एकदां मिळाली कीं शाळा सुटेपर्यंत टिकते. दाखल्यावर काय करूं नये हें लिहिलेलें असतें. हा मुलगा काय करूं शकेल हें लिहून द्या अशी विनंति आम्हीं आजवर एकाहि वैद्यास केलेली नाहीं. वैद्यांनीं नकार दिला असता असें मुळींच नाहीं. आम्हीं विचारलेंच नाहीं.

'अपंग' हा शब्द जाऊन 'दिव्यांग' हा शब्द आला. शब्द बदलण्यास शाळेस एका दिवसाचाहि वेळ लागला नाहीं. फलक रंगविणाऱ्यानें अर्ध्या तासांत तो बदलला. पाठीमागें 2016 सालचा दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा आहे, आणि त्यांत शिक्षणसंस्थांनीं अशा मुलांस इतरांच्या बरोबरीनें खेळ व करमणुकीची संधि द्यावी असें स्पष्ट म्हटलें आहे. संधि द्यावी असें म्हटलें आहे. गुणांची वही द्यावी असें म्हटलेलें नाहीं.

कोणी म्हणेल, यासाठीं मोठीं क्रीडासंकुलें पाहिजेत, तरणतलाव पाहिजेत, पैसा पाहिजे. तलाव पाहिजेत हें खरें. ज्या मुलुखांत मे महिन्यांत पारा पंचेचाळीस अंशांकडे धांवतो तेथें तर ते सर्वांसाठींच पाहिजेत, आणि कमजोर पायाच्या मुलास विहिरींत सोडा असा सल्ला आम्ही स्वप्नांतहि देणार नाहीं. परंतु तलावाची वाट पाहत बसण्याचें कारण नाहीं. टेबल टेनिसचें टेबल आमच्या सभागृहांत धूळ खात आहे. पेटकरांची पहिली पॅरालिम्पिक स्पर्धा टेबल टेनिसचीच होती. ज्यांचा एक पाय गुडघ्याखालीं अधू आहे अशांसाठीं गोळाफेकीचा व भालाफेकीचा वेगळा वर्गच आहे, आणि ते उभे राहून फेकतात. हरियाणाचा सुमित अंतिल हा कुस्तीगीर होता. 2015 सालीं मोटारसायकलीच्या अपघातानें त्याचा डावा पाय गुडघ्याखालीं कापावा लागला. त्यानें कृत्रिम पायावर भालाफेक शिकून टोकियो व पॅरिस अशा लागोपाठच्या दोन पॅरालिम्पिकमध्यें सुवर्णपदक मिळविलें. पेटकरांच्याच सांगली जिल्ह्यांतील करगणीचा सचिन खिलारी याचा हात बालपणीं सायकलवरून पडल्यामुळें अधू झाला. 2024 सालीं पॅरिसला त्यानें 16.32 मीटर गोळा फेकून रौप्यपदक आणलें. गोळा व भाला हीं साधनें आमच्या कोठींत आहेत. आजवर तीं धडधाकट मुलांसाठीं बाहेर निघत, एवढेंच.

पदकांचीं नांवें घेतलीं म्हणून कोणीं गैरसमज करून घेऊं नये. प्रत्येक जायबंदी मूल पदक आणील अशी आमची कल्पना नाहीं, आणि तशी अपेक्षा त्याच्या खांद्यावर ठेवणें हा दुसरा अन्याय होईल. धडधाकट मुलांपैकीं तरी किती जण पदक आणतात? तीं खेळतात, हरतात, गुडघे फोडून घेतात, भांडतात, आणि दुसऱ्या दिवशीं पुन्हां येतात. हरण्याचा हा हक्क आम्हीं वहीवाल्या मुलापासून काढून घेतला होता.

शिक्षकांच्या सभेंत या गोष्टीवर बरीच चर्चा झाली. खेळांचे गुरुजी प्रथम कांकूं करीत होते. अपघात झाल्यास जबाबदार कोण, हा त्यांचा प्रश्न रास्तच होता. शेवटीं असें ठरलें कीं, यापुढें माफीच्या प्रत्येक दाखल्याबरोबर, मूल कोणता व्यायाम करूं शकेल तेंहि वैद्यांकडून लिहून आणावें. आणि येत्या वार्षिक खेळांत गोळाफेकीची एक अशी पाळी ठेवावी कीं तींत ज्याचें त्याचें अंतर त्याच्याच मागील अंतराशीं ताडून पाहिलें जाईल. सहावीच्या वर्गांत चाकांच्या खुर्चीवर येणारी एक मुलगी आहे. तिच्यासाठीं खुर्ची चार खुंट्यांना दोरांनीं बांधून चेंडू फेकण्याची सोय शिपायानें आपण होऊन करून दाखविली. खुंट्या त्यानें घरून आणल्या.

वहीवाला मुलगा गेले दोन महिने शाळा सुटल्यावर मैदानाच्या वडाकडील कोपऱ्यांत गोळा फेकतो. पहिल्या आठवड्यांत दोनदां तोल जाऊन पडला. डावा पाय पुढें ठेवावा कीं उजवा याविषयीं त्याचा व खेळांच्या गुरुजींचा अजून वाद चालूं आहे. येत्या डिसेंबरांत गुणांची वही कोणी धरावी हा प्रश्न त्यामुळें उभा राहिला असून, तें काम गुरुजींनींच करावें अशी त्याची सूचना आहे. आईनें परवानगी दिली आहे. तिची अट एकच, त्या दिवशीं ती पालकांच्या खुर्च्यांत बसणार नाहीं. गोळा फेकण्याच्या वर्तुळापाशीं येऊन उभी राहणार.